टेकवलेला गुडघा

मी एक जुना गिअरबॉक्स आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं नसणार, कारण मी जीपच्या पोटाखाली असतो, आतून तेलात बुडालेला आणि बाहेरून चिखलाने माखलेला. जीप धुताना लोक तिच्या काचा पुसतात, दिवे चकचकीत करतात. माझ्या वाट्याला पाइपाचा एखादा फवारा आला तरी मी तो दिवस भाग्याचा समजतो. पण ही तक्रार नव्हे. तक्रार करायलाही अंगात जोर लागतो, आणि मी आता फार थकलो आहे. थकलेल्याचं ऐकून घ्यायला मोठ्यांना वेळ नसतो, म्हणून तुम्हाला सांगतो.

एका कारखान्यात मला ओतलं, घासलं, माझ्या पोटात दातेरी चाकं आणि शाफ्ट बसवले आणि वर झाकण आवळलं. माझं काम सोपं नाही. इंजिनाकडे जोर असतो, पण तारतम्य नसतं. चढावर ताकद हवी की सपाटीवर वेग हवा, हे त्याला दर वेळी मीच समजावून सांगतो. माझ्या पाठीला चिकटून माझा धाकटा भाऊ बसवलेला आहे. चिखलात त्याचा छोटा दांडा ओढला की पुढच्या चाकांनाही ताकद मिळते आणि चारही चाकं एकदम ओढू लागतात. कौतुक नेहमी त्याचंच झालं. "फोर व्हील टाकली आणि निघाली बघा गाडी," असं लोक म्हणत. माझं नाव कुणी घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

आमचे मालक तेव्हा तरुण होते. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणतो. टेकडीवर एक वस्ती होती आणि खाली बाजारपेठ. या दोन्हींच्या मध्ये दगडगोट्यांचा, वळणावळणाचा रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर टिकेल अशी गाडी आमचीच. आम्ही पोती नेली, शिक्षक नेले, आजारी माणसं खाली आणली. उतारावर बाबा तिसरा गिअर टाकत. गाडी तिसऱ्यात असली की इंजिन तिला मागे ओढून धरतं, सगळा भार एकट्या ब्रेकवर येत नाही. हा तिसरा गिअर म्हणजे माझा अभिमान होता.

माझ्या झाकणात एक छोटी पोलादी गोळी आहे आणि तिच्यामागे बोटाच्या पेराएवढी स्प्रिंग. गिअर पडला की स्प्रिंग त्या गोळीला खाचेत दाबून ठेवते, म्हणजे गिअर आपोआप निसटत नाही. एवढीशी वस्तू, पण उतारावर सगळ्यांचा जीव तिच्यावर असतो. एका सकाळी, वर वस्तीवर माहेरी असलेल्या बाबांच्या बायकोला कळा सुरू झाल्या. शेजारणीने तिचा हात धरला होता, बाबा घामाघूम होऊन गाडी खाली आणत होते, आणि मधल्या वळणावर ती स्प्रिंग तुटली. तिसरा निसटला. गाडी सुटली. बाबांनी ब्रेक मारून ती आवरली, पुन्हा तिसरा टाकला, तो पुन्हा निसटला. मग त्यांनी डावा गुडघा गिअरच्या दांड्याच्या मागे टेकवला आणि खाली पोहोचेपर्यंत दाबून धरला. दवाखान्यात मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या.

मला मेस्त्रीकडे न्यायचं लगेच ठरलं होतं. पण घरात तान्हं बाळ, वर वस्तीला माल पोहोचवायचा, आणि गुडघा टेकवला की गाडी चालतच होती. उद्या बघू, परवा बघू, असं करता करता ते राहूनच गेलं. पुढे पुढे ते गुडघा टेकवणं अडचण न राहता कौशल्य झालं. "आमची गाडी परक्याच्या हाताखाली चालत नाही," असं बाबा मिशीवर ताव देऊन सांगत. एकदा त्यांचे मेहुणे हौसेने गाडी घेऊन गेले आणि पांढरेफटक पडून पायी परत आले. त्या गोष्टीवर घरातले कित्येक वर्षं हसले. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या आत फोर्क नावाचा एक दोन बोटांचा चिमटा आहे. गिअर जागेवर सरकवायचा आणि मग नुसतं शेजारी उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. बाबांचा गुडघा त्याला सतत फिरत्या चाकावर दाबत राहिला आणि तो कणाकणाने झिजत गेला. जे मला सावरत होतं तेच मला खात होतं, आणि हे सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

मुलगी मोठी झाली. बाबांनी तिला मैदानात गाडी शिकवली. क्लच सोडताना काय करायचं, चढावर थांबायचं कसं, हे सांगता सांगता तेवढ्याच सहजपणे म्हणाले, "तिसरा टाकलास की गुडघा टेकव." तिने टेकवला. चपला दाराबाहेर काढायच्या तसं ते तिच्या अंगवळणी पडलं. ती परिचारिका झाली, सगळे तिला ताई म्हणू लागले, आणि मला घेऊन ती त्याच वस्तीवर जाऊ लागली. बाबांचा स्वतःचा डावा गुडघा तोवर कामातून गेला होता. आत वाटी झिजली आहे, असं डॉक्टर म्हणाले. ते काठी घेऊन ओसरीवर बसत आणि गाडीचा आवाज आला की मान वर करत.

अलीकडेच एके दिवशी ताई एका म्हातारीला घेऊन खाली येत होती. चाक दगडावर आपटलं, तिचा गुडघा घसरला आणि तिसरा निसटला. मी धरायचा प्रयत्न केला, पण धरण्यासारखं माझ्यात काही उरलंच नव्हतं. तिने सगळी ताकद लावून ब्रेक दाबला. गाडी फरपटत जाऊन मातीच्या ढिगाला टेकली. तो ढीग नसता तर पुढे दरी होती. म्हातारीला खरचटलंही नाही. घरी आल्यावर ताईने बाबांना सगळं सांगितलं.

"काढून टाक ही गाडी," बाबा म्हणाले.

"बाबा, वर दुसरी कुठली गाडी चढते? त्या लोकांनी काय करायचं?"

"ते मला माहीत नाही. तू धड घरी आली पाहिजेस."

भंगारवाला येऊन माझ्यावर लोखंडी कांब वाजवून गेला. ताईने बाबांकडून थोडी मुदत मागून घेतली आणि मला मेस्त्रींकडे नेलं.

या मेस्त्रींना सगळे कानसेन म्हणत. त्यांची पद्धत अशी, की गिऱ्हाइकाची गाडी ते स्वतः कधी चालवत नसत. ज्याची गाडी त्यानेच चालवायची, आणि हे शेजारी डोळे मिटून ऐकत बसणार. ताई गाडी चालवत होती, गुडघा टेकवलेला होता, त्यामुळे गिअर निसटला नाही. मेस्त्रींना फक्त एक बारीक घरघर ऐकू आली. "बेअरिंग," त्यांनी निकाल दिला. मला खाली उतरवून उघडलं, झाकण काढून बाजूला पोत्यावर पालथं ठेवलं आणि नवं बेअरिंग बसवलं. घरघर थांबली. ताई खुशीत घरी निघाली आणि वाटेतल्या पहिल्याच खड्ड्यात तिचा गुडघा हलला आणि तिसरा निसटला.

भंगारवाल्याला निरोप गेला. तरी ताईने शेवटचं म्हणून गाडी पुन्हा मेस्त्रींच्या दारात उभी केली. मेस्त्री ओशाळले होते. "चला, परत ऐकतो," म्हणाले. त्यांच्या बायकोला बहिणीकडे जायचं होतं, वाटेत उतरते म्हणून त्याही मागे बसल्या. मेस्त्रींनी डोळे मिटले. ताईने तिसरा टाकला. गाडी बरंच अंतर गेली.

"ताई, गुडघा दुखत नाही का हो तुमचा?" मागून काकूंनी विचारलं.

"का हो काकू?"

"मघापासून बघतेय, त्या दांड्याला लावून धरलाय."

"तिसरा आहे ना. मग धरायला नको?"

मेस्त्रींनी डोळे उघडले. "काढा बरं गुडघा," ते म्हणाले. "आता अॅक्सिलरेटर सोडा."

तिने सोडला. खट्ट झालं आणि दांडा आपला आपण मधे येऊन उभा राहिला.

ताई त्या दांड्याकडे बघत राहिली. "सगळ्या जीपना धरावाच लागतो ना?" तिने विचारलं.

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"बाबांनी."

काकू बहिणीकडे गेल्याच नाहीत. मला पुन्हा खाली उतरवलं. या वेळी मेस्त्रींनी आधी झाकण हातात घेतलं आणि उलटं केलं. गोळीमागून स्प्रिंगचे दोन तुकडे त्यांच्या तळहातावर पडले. फोर्कची बोटं एका अंगाने पार झिजून गेली होती.

"मागच्या वेळी हे झाकण माझ्या हातात होतं," मेस्त्री पुटपुटले.

"हातात कुठलं, पोत्यावर पालथं होतं," काकू म्हणाल्या. "कानांचं कौतुक पुरे झालं आता, जरा डोळ्यांनाही काम द्या."

ताईने बाबांना बोलावून आणलं. ते काठी टेकत आले आणि खोक्यावर बसले. मेस्त्रींनी ते तुकडे त्यांच्या हातावर ठेवले.

"ही कधीची तुटली असेल हो?"

बाबांनी तुकडे बोटाने उलटसुलट केले. मग लेकीकडे पाहिलं. "हिच्याएवढी," ते म्हणाले.

"तेव्हाच बदलली असती तर फोर्क वाचला असता."

"हो. त्या दिवशी धरून आणली आणि पोर सुखरूप झाली. मग वाटलं, धरलं की भागतं." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "आणि तेच मी हिला शिकवलं. त्या ढिगापाशी हिचं काही झालं असतं तर..."

"बाबा, नाही ना झालं काही," ताई म्हणाली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसली.

मला नवी स्प्रिंग मिळाली, नवी गोळी मिळाली, नवा फोर्क मिळाला. भंगारवाला आला तेव्हा त्याच्या पदरात जुना फोर्क तेवढा पडला. खरं सांगतो, एवढ्याने मी तरुण झालो नाही. माझी चाकं तीच आहेत, हाडं तीच आहेत, थंडीत पहिला गिअर अजून कुरकुरतो.

त्यानंतरच्या पहिल्या फेरीला बाबा हट्टाने शेजारी बसले. वर जाऊन आलो. उतार लागला, ताईने तिसरा टाकला आणि तिचा गुडघा आपोआप वर आला. बाबांनी हात लांब करून त्या गुडघ्यावर तळवा ठेवला.

"राहू दे पोरी," ते म्हणाले. "त्याचं तो धरेल."

तिने गुडघा खाली घेतला. मधलं वळण आलं, खड्डे आले, तो मातीचा ढीग आला आणि मागे गेला. मी धरून होतो. इतकी वर्षं हे माझंच काम होतं, आणि ते मला पुन्हा करू दिलं म्हणून मला भरून आलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू कुणीतरी दाबून धरली म्हणून चालत असेल. एखादं माणूसही असेल. चालतंय ना, असं म्हणून पुढे जाऊ नका. झाकण काढा आणि आत बघा, दुखणं लहान आहे तोवरच बघा. आमच्यासारख्यांना बोलता येत नाही, आम्ही फक्त झिजतो.

ताईचा गुडघा अजूनही उतारावर कधीकधी वर येतो. दांड्यापर्यंत येतो, थबकतो आणि परत जातो. तोवर मी तिसरा घट्ट धरून ठेवलेला असतो.