मुका पाय

नागसेननं नाव दिलंच नव्हतं. ते हंबीररावांनी परस्पर लिहून टाकलं होतं. टपाल खात्याच्या जिल्हा स्पर्धेची यादी फळ्यावर लागली, तेव्हा त्याला कळलं की चाळिशीवरच्यांच्या शर्यतीत आपण आहोत आणि रंकाळा तळ्याला एक अख्खी फेरी मारायची आहे.

"हंबीरराव, मला पळताना कधी बघितलंय काय तुम्ही?"

"रोज बघतो की! गाडी सुटायच्या टायमाला थैल्या घेऊन फलाटावर कसा पळतोस!" हंबीरराव त्याचे वरिष्ठ. एकदा लिहिलेलं खोडायची त्यांना सवय नव्हती.

दोन हजार एक साल होतं. नागसेनला बेचाळीस पूर्ण झालेली. त्यानं नवे बूट घेतले आणि मुलीला, श्रुतीला, पळायला शिकवशील का म्हणून विचारलं. ती अकरावीत, कॉलेजच्या संघातनं पळणारी. तिला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच तिनं बापाचं पांघरूण ओढलं. उचगावातनं मुडशिंगीच्या रस्त्यानं दोघं पळू लागली. पहिले पंधरा दिवस नागसेनची फक्त बरगडी दुखली. तिसऱ्या आठवड्यात निराळंच सुरू झालं. पंधरावीस मिनिटं झाली की डाव्या पायाला मुंग्या यायच्या आणि मग पाय बधिरच व्हायचा. तो जमिनीवर पडतोय हे कानाला कळायचं, पायाला नाही.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्याच्या वडिलांना, भाऊसोंना, साखरेचा आजार होता. शेवटी शेवटी त्यांना पायात काटा मोडला तरी समजायचं नाही, आणि एक बोट काढावं लागलं होतं. आपल्याही पायाशी तेच येऊन थांबलंय, असं नागसेननं मनाशी धरलं. तो गपचूप चहात साखर घेईनासा झाला.

एका रविवारी पळून आल्यावर तो परसात कट्ट्यावर बसला आणि बूट-मोजे काढून टाचणीनं पाय टोचून बघायला लागला. नेमकी श्रुती पाणी भरायला आली.

"पप्पा, काय करताय हे?"

"काय न्हाय. काटा."

"काटा काढताना माणूस एका जागी टोचतं. तुम्ही सगळीकडं टोचताय!"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. श्रुतीनं ऐकून घेतलं आणि सोमवारी सकाळी त्याला उपाशीपोटी तपासणीला नेलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. साखर अगदी ठीक होती. डॉक्टर म्हणाले, "साखर नाही तुम्हाला. तरीही त्रास राहिला तर परत दाखवा." नागसेननं घरी येऊन दोन चमचे साखर घातलेला चहा घेतला. पण बुधवारी पळताना ओढ्याच्या पुलापाशी पाय पुन्हा मुका झाला, आणि आता तर त्याला कारणही सुचेना.

कारण काढलं ते सरुबाईनं, त्याच्या आईनं. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. टाचणीपासून रिपोर्टापर्यंत सगळं तिच्या कानावर गेलं होतं.

"नागसेन, तू कचेरीत दिवसभर हुभा असतोस. तवा मुंग्या येत्यात?"

"न्हाय."

"बाजाराला चालत गेलतास परवा. तवा?"

"न्हाय की."

"तवा पायात काय होतं?"

"चप्पल."

"तुझ्या बाचा पाय निजला तरी मुका, बसला तरी मुका. तुझा नुसता बुटात मुका हुतोय. मग रोग पायाला हाय का बुटाला?" एवढं बोलून ती पुन्हा तांदळाकडं वळली.

श्रुतीनं धावत जाऊन बूट आणले. "घाला. रोज बांधता तसे बांधा."

नागसेननं नाडी ओढली, पुन्हा ओढली, दात आवळून तिसऱ्यांदा ओढली आणि दुहेरी गाठ मारली. श्रुतीनं नाडीखाली बोट सारून बघितलं. नखसुद्धा शिरेना.

"अहो पप्पा, ही काय टपालाची थैली हाय?"

वीस वर्षं तो थैल्यांची तोंडं सुतळीनं आवळत आला होता. हाताला तेवढंच ठाऊक होतं. श्रुतीनं बूट काढायला लावला, तर पायाच्या वरच्या बाजूला नाड्यांचे लालभडक वळ उठलेले. तिनं सगळी नाडी ओढून काढली, वळ उठत होते तिथली भोकं सोडून दिली आणि बोट सहज जाईल इतकी सैल बांधली. दुसऱ्या दिवशी पूल आला, गेला, मुडशिंगीही आली. नागसेन रस्त्यातच ओरडला, "कळतंय! खडी कळतीया!" दूध घालायला निघालेला एक सायकलवाला दचकून बाजूला झाला.

शर्यतीच्या दिवशी रंकाळ्यावर बावीस जण उभे राहिले. नागसेन बेताबेतानं पळत होता, तरी अर्ध्या फेरीला बारावा होता. तेवढ्यात पुढं एक ठेंगणा गडी लंगडत थांबताना दिसला.

"काय झालं, पावणं?"

"मलकापूरचा आकाराम मी. पाय लाकूड झालाय बघा. डिलिव्हरीला रोज दहा मैल सायकल मारतो, पण असं कवा झालं न्हवतं."

नागसेननं त्याच्या बुटाकडं नजर टाकली. गाठीवर गाठ होती. तो खाली बसला आणि दातांनी गाठ सोडवायला लागला. बाजूनं एकेक गडी निघून चालला. कठड्यापलीकडनं हंबीरराव बोंबलत होते, "आरं नागसेन! शर्यतीत बसतंय कोण? ऊठ की लेका!"

"आता हलवा बोटं," नागसेन म्हणाला.

आकारामनं बोटं हलवली, पाय आपटला, आणि त्याचं तोंड उजळलं. "आला की जीव!" असं म्हणून तो जो सुटला तो सुटलाच. नागसेन उठून गुडघे झाडेपर्यंत मलकापूर पन्नास हात पुढं होतं. त्यानं जीव तोडून पळून बघितलं, पण आकाराम सापडला नाही. शर्यत संपायच्या पट्टीपाशी मात्र तो थांबला होता. त्यानं नागसेनला कवळ्यात उचललं आणि दोघंही गवतावर पडले.

हंबीरराव चार वाक्यं चिडले, पाचव्याला हसले आणि सगळ्यांना चहा सांगायला गेले.

घरी सरुबाई वाटच बघत होती. "कितवा आलास?"

"अठरावा."

"पळत हुती किती?"

"बावीस."

सरुबाईनं मनातल्या मनात हिशेब केला. "मग चौघं मागं हुती की," ती म्हणाली, आणि शेजारणीला सांगायला उठली.