बाहेरचे कपडे

सावेडीतल्या त्या सोसायटीत लीनाताईंकडे चहाला जायचं म्हणजे लोक जरा विचार करूनच जात. चहा उत्तम मिळे, पण बूड कुठे टेकायचं ते आधी विचारून घ्यावं लागे. पलंगाकडे तर बघायचंसुद्धा लांबून. बाहेरच्या कपड्यांनी अंथरुणाला शिवायचं नाही, हा त्या घरचा कायदा. शाळेत तीस-बत्तीस वर्षं पोरांना धाक दाखवलेल्या बाईंचा कायदा, मग तो मोडणार कोण? एकदा खालच्या मजल्यावरच्या बाई बोलण्याच्या भरात पलंगाच्या कडेवर टेकल्या. त्या जिना उतरेपर्यंतही लीनाताईंना दम निघाला नाही. चादर ओढून बादलीत!

दुसऱ्यांच्या घरी गेल्या की त्यांची नजर आधी पलंगावर जायची. "भिंतीला एवढा मोठा टीव्ही, आणि अंथरलंय काय, तर चुरचुरणारं पॉलिस्टर. ह्यांना झोप लागते तरी कशी?" असं घरी आल्यावर व्हायचं. सून प्रणिता हौसेने मोबाईलवरून चादर मागवायची. टपोऱ्या सूर्यफुलांची, चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक लावलेली. लीनाताई ती दोन बोटांत धरून म्हणायच्या, "गादीला झबलं शिवलंयस का गं?" प्रणिता हसायची आणि आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची.

या कायद्याचा पहिला आरोपी मात्र घरातलाच होता. त्यांचे यजमान, रविकांत. कोर्टात शिरस्तेदार होते, आता निवृत्त. माणूस साधा, आवाज न चढवणारा. त्यांना व्यसन म्हणाल तर एकच, माक्याचं तेल. सकाळी अंघोळ झाली की टाळूवर चांगलं जिरवायचे आणि मग दिवसभर जिथे डोकं टेकतील तिथे त्याचा गोल उमटायचा. लीनाताईंनी सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, उशीला टॉवेल गुंडाळून पाहिला. शेवटी एका रविवारी, नवे अभ्रे घातलेले असताना, त्यांनी रविकांतच्या उशीवर वर्तमानपत्र अंथरलं.

"आता खुशाल लोळा," त्या म्हणाल्या.

रविकांत पेपरवर डोकं ठेवून पडले. कूस बदलली की कागद चुरचुरायचा. थोड्या वेळाने उठले, आपली जुनी गोधडी काखोटीला मारली आणि हॉलमधल्या दिवाणावर जाऊन झोपले. रुसवा दोन दिवसांत निघेल, असं लीनाताईंना वाटलं. त्या बोलावतील असं रविकांतना वाटलं असावं. बोलावलं कुणीच नाही, आणि दिवाण ही त्यांची कायमची जागा झाली. लीनाताईंची चादर तेवढी सकाळी उठल्यावरही जशीच्या तशी राहू लागली. याचा त्यांना अभिमान होता, असं त्या म्हणत.

मग यंदा दिवाळीनंतर रविकांतना दिवाणावरच झटका आला. पहाटे दूध घ्यायला उठलेल्या गंधारने, म्हणजे मुलाने, पाहिलं म्हणून निभावलं. अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, "आता काळजी नाही, पण यांना एकटं झोपू देऊ नका."

लीनाताईंनी मान हलवली. किती वेळ ते असे कळवळत पडले असतील, आणि आपण भिंतीच्या पलीकडे बिनसुरकुतीच्या चादरीवर घोरत होतो, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यांना भयंकर भीती वाटली होती. नवऱ्याने परत आपल्या खोलीत यावं, आपल्याला त्याचा श्वास ऐकू यावा, एवढंच त्यांना हवं होतं. पण हे तोंडाने म्हणतील तर त्या लीनाताई कसल्या? त्या उठल्या आणि कापड बाजारात जायला निघाल्या.

"आई, बाबा दवाखान्यात आहेत आणि तुम्ही चादर आणायला निघालात?" प्रणिताने विचारलंच.

"मग घरी आल्यावर काय तुझ्या सूर्यफुलांवर झोपतील?"

कापड बाजारातले वैजनाथशेठ त्यांना दुरून ओळखत आणि दुरूनच घाबरत. "या ताई. लई भारी माल आलाय. पाचशे धाग्यांची हाय, एकदम हॉटेलवानी."

"धागे तुम्ही मोजलेत का?" लीनाताईंनी चादरीचा कोपरा मुठीत आवळला, सोडला. सुरकुत्या तशाच राहिल्या. बोटांनी चोळला तर पांढरी भुकटी निघाली. "ही खळ आहे, वैजनाथशेठ. एका धुण्यात हिचं फडकं होईल. घ्या आत."

दुसरी फार चकचकीत निघाली, तिसरी उजेडापुढे धरली तर जाळी दिसली. गादीवर चादरींचा डोंगर झाल्यावर वैजनाथशेठनी हात टेकले आणि आतून एक साधी पांढरी सुती चादर आणली. वीण घट्ट, हाताला गार, आणि मऊ. लीनाताईंनी ती गालाला लावून पाहिली. दुकानात असं त्या कधी करत नसत.

"साहेबांची तब्येत कशी हाय?" वैजनाथशेठनी हळूच विचारलं.

"तब्येतीला काय झालंय? मोठी द्या पिशवी, घडी मोडेल."

घरी आल्यावर ती चादर मिठाच्या पाण्यात भिजली, हाताने धुतली गेली, शेवटच्या पाण्यात नीळ पडली. चिमट्यांचे वळ उठतात म्हणून लीनाताईंनी ती गच्चीवर दोरीवर दुहेरी टाकली आणि कबुतरं हाकत स्वतः शेजारी बसल्या. जराशी ओलसर असतानाच इस्त्री केली. मग पलंगावर घातली, कोपरे आत दुमडले, आणि दोन उशा शेजारी शेजारी ठेवल्या. दुसऱ्या उशीला कितीतरी वर्षांनी अभ्रा चढला.

रविकांतना लीनाताईंनी आणि गंधारने घरी आणलं तेव्हा दुपार होती. वाळले होते, गालफडं बसली होती. गंधारने दंडाला धरून त्यांना बेडरूमच्या दारापर्यंत नेलं. ते उंबऱ्यात थांबले. पांढऱ्याशुभ्र पलंगाकडे त्यांनी पाहिलं, मग स्वतःच्या चुरगळलेल्या पायजम्याकडे.

"जरा थांब," ते गंधारला म्हणाले. हळूहळू चालत हॉलमध्ये गेले, टीपॉयवरचा सकाळचा पेपर उचलला, परत आले आणि त्याची पानं सुटी करून उशीवर अंथरली. दोन पानं पायाशी. कडा नीट जुळवल्या. कुठे टोमणा नाही, राग नाही. कोर्टात कागद लावावेत तसं शांतपणे लावलं. मग लीनाताईंकडे पाहून, परवानगी मागितल्यासारखं म्हणाले, "दवाखान्यातले कपडे आहेत ना. तुझी चादर नवी दिसतेय."

प्रणिताने मान खाली घातली. गंधार पंख्याकडे बघू लागला.

लीनाताई पुढे आल्या. उशीवरचा पेपर त्यांनी ओढला, पायाचाही ओढला, आणि त्याचा बोळा करून दाराबाहेर फेकला. डोळे भरले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून आवाज चढला होता.

"बातम्यांवर झोपायला ही काय पेपराची टपरी आहे?" त्या म्हणाल्या आणि दवाखान्याच्या बाकांवर, रिक्षात, लिफ्टमध्ये घासून आलेल्या त्याच साडीत पलंगावर मधोमध बसल्या.

"अगं, अगं, बाहेरचे कपडे!" रविकांत खरोखर घाबरले.

"कळतं मला. आंधळी नाहीये." त्यांनी सरकून जागा केली. "प्रणिता, माक्याच्या तेलाची बाटली आण. बघ, डोकं कसं कोरडं ठाक करून पाठवलंय त्या लोकांनी. आणि तुम्ही, उभे काय राहिलात? पडा इथे."