लव्हाळ्याची गाठ

मित्रांनो, मी लव्हाळ्याची एक जुनी गाठ आहे. हरभऱ्याहून जरा मोठी, काळी आणि केसाळ. वर दिसते ते हिरवे गवत. माझा खरा संसार वीतभर खाली आहे. तिथे आम्ही बहिणी दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकींना बांधलेल्या असतो.

माझ्यात एक कडवट रस असतो. तो मी मातीत सोडते. माझी पाती कुजली की त्यांतूनही तो झिरपतो. शेजारच्या दाण्याला मोड आला की त्याच्या मुळाचे पांढरे टोक त्या रसाने तपकिरी पडते. मग ओल्या मातीत असूनही ते रोप तहानलेले राहते. यात माझा राग नसतो. मला जागा हवी असते, एवढेच.

मी ज्या शेतात जन्मले ते एका धाकट्या सुनेचे होते. ती आणि तिचा नवरा गुडघ्यांवर बसून, बोटांनी माती चाळून आम्हाला वेचत. तीन वर्षांत त्यांनी आम्हाला जवळजवळ संपवले. मग तिचा नवरा गेला.

तेराव्या महिन्यात तिचा थोरला दीर ट्रॅक्टर घेऊन बांधावर उभा राहिला.

"एकटी किती वेचत बसशील? रोटाव्हेटर फिरवतो. तासाभरात शेत साफ."

"फार उपकार होतील, भाऊजी," ती म्हणाली. तिला खरेच रडू आले.

मित्रांनो, साखळीत बांधलेल्या आमच्यातल्या बऱ्याच जणी झोपलेल्या असतात. साखळी तुटली की प्रत्येकीला जाग येते. रोटाव्हेटरच्या फिरत्या लोखंडी पात्यांनी आमचे शेकडो तुकडे केले आणि सगळ्या शेतात पसरले. शेत आठवडाभर आरशासारखे स्वच्छ दिसले. नंतर आम्ही उगवलो.

त्या वर्षी तिचा मका गुडघ्यापर्यंतही आला नाही. पाने पिवळी, कणसे बोटाएवढी. दुसऱ्या वर्षी निम्मे दाणे रुजलेच नाहीत. दीर चारचौघांत हसून म्हणायचा, "माझा भाऊ होता तोवर ही माती बोलायची. हिच्या हाताला गुणच नाही." लोकांनी ते उचलले. बायका पेरणीच्या दिवशी तिला बी हातात देईनात. हळूहळू तिलाही ते पटले. ती स्वतःच्या तळहातांकडे बघत बसायची. शेवटी तिने शेत दिराला लिहून दिले आणि त्याच्याच रानात मजुरीला जाऊ लागली.

शेत नावावर होताच दिराने माती तपासणाऱ्या बाईंना बोलावले. बाईंनी ओसरीवर दोन बश्या मांडल्या. एकीतला मका साध्या पाण्यात भिजवला होता, दुसरीतला माझ्या बहिणी कुटून गाळलेल्या पाण्यात. पहिल्या बशीत बोटभर मुळे होती. दुसरीत तपकिरी ठिपके.

"दोष गवताचा आहे, कुणाच्या हाताचा नाही," बाई म्हणाल्या. "आणि यात रोटाव्हेटर कधीच घालू नका. एकाचे दहा होतात."

"ते मला ठाऊक आहे," दीर म्हणाला. "पुढचं सांगा."

धाकटी सून तिथेच चहाचे कप उचलत होती. तिने एकही कप खाली पडू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या लहान मुलीला घेऊन जुन्या शेतात आली. तिने ओंजळभर गाठी खणून काढल्या, त्यांत मीही होते. मग ती दिराच्या सर्वांत चांगल्या मक्याच्या रानात गेली आणि पावलापावलावर एकेक गाठ अंगठ्याने मातीत दाबू लागली.

मुलगी म्हणाली, "आई, नको गं. या मक्यानं आपलं काय केलंय?"

"काही नाही," ती म्हणाली. "माझ्या मक्यानं तरी कुणाचं काय केलं होतं?"

मुलगी मागोमाग वाकून आम्हाला उकरू लागली. आईने वळून तिच्या थोबाडीत मारली. आजवर तिने त्या पोरीवर हात उगारला नव्हता.

मित्रांनो, मला तोडू नका, कापू नका. मुळासकट खणा आणि कडक उन्हात वाळवा, मी मरेन. पीक जळाले तर आधी माती उकरून पाहा, मग माणसाला बोल लावा. आणि मनात कितीही जळत असले तरी मला कुणाच्या रानात नेऊन टाकू नका. माणसांची भांडणे मला कळत नाहीत. इथली माती मऊ आहे, पाणी भरपूर आहे. चौथ्या दिवशी मला कोंब फुटला.