कोरडी टाकी

मित्रांनो, काचेला नाक लावून आत काय शोधताय? मोडक्या खुर्च्या आहेत, दुसरं काही नाही. मी या प्रयोगशाळेतली जुनी पाण्याची टाकी. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांब, दोन्ही बाजूंना काचा, तळाशी वाळू. एका टोकाला पंप पाणी ढकलायचा, दुसऱ्या टोकाकडून ते नळातून परत यायचं. छोटीशी नदीच म्हणा, पण हुकमी.

इथं संशोधन करणाऱ्या बाईंनी मला बांधून घेतलं आणि प्रयोगशाळेच्या मिस्त्रींनी काचा बसवून सांध्यांत लांबी भरली, म्हणजे पाणी अडवणारा लगदा. बाईंना जन्मभर एकच घोर होता: पूर आला की पुलाच्या खांबाखालची वाळू कुठं जाते? त्या माझ्या वाळूत बोटाएवढे खांब रोवायच्या, पाण्यात लाल रंगाची धार सोडायच्या आणि बघत बसायच्या. पाणी खांबावर आपटून खाली वळायचं आणि भोवरा होऊन पायथ्याची वाळू उपसायचं. प्रयोगाआधी पाणी रात्रभर निवांत ठेवावं लागे. तेव्हा मिस्त्री कुणाला दारसुद्धा आपटू देत नसत.

"हळू. पाणी झोपलंय."

"मिस्त्री, स्वतःच्या लेकरांना कधी असं निजवलंत का?" बाई चिडवायच्या.

"ती कुठं एवढी शहाणी होती, बाई."

लांबलांबून माणसं मला बघायला येत. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

मग एका नदीवर नवा पूल ठरला. नदीपलीकडे बाईंची धाकटी बहीण राहायची, पदरी दोन मुलं. त्या पुलाचे खांब बाईंनी माझ्यात रोवले. मंद पाण्यात वाळू टिकली. भर पुराचा प्रयोग तेवढा उरला, आणि बाईंनी अंथरूण धरलं.

मिस्त्रींना करमेना. साचल्या पाण्यात शेवाळ धरतं आणि शेवाळ दिसलं की बाई रागावतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी माझं सगळं पाणी सोडून दिलं, आतून फडक्यानं पुसलं, खिडक्या उघडून वारा दिला. इतक्या मायेनं मला कुणी पुसलं नव्हतं. आणि आतून माझा जीव जात होता, मित्रांनो. कायम ओली राहिलेली लांबी सुकली, आकसली, भेगाळली. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

बाई काठी टेकत परत आल्या. पाणी भरलं, तर सांध्यासांध्यातून गळू लागलं. मिस्त्रींनी भेगांवर तळहात दाबून धरले, बाईंनी गळ्यातला रुमाल कोंबला. पंप पुरा सोडला तशी एक काच तडकली आणि माझी नदी फरशीवर पसरली. खांब आडवे झाले.

"जपायला गेलो हो, बाई," मिस्त्री म्हणाले.

"मीच सांगून जायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

नवी काच यायला महिने लागणार होते आणि पुलाच्या पायाचं काँक्रीट पुढच्याच आठवड्यात पडायचं होतं. बाईंनी पूल बांधणाऱ्या खात्याच्या साहेबांना थांबायची विनंती केली. "मंद पाण्यात टिकली ना वाळू? मग झालं तर," साहेब म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पूल उभा राहिला.

निवृत्त झाल्या त्या दिवशी बाई आल्या आणि तडकलेल्या काचेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"धाकटी म्हणते, ताई, पूल झाला, आता तरी ये. मुलं रोज पुलावरूनच शाळेत जातात."

"मग जाऊन या की," मिस्त्री म्हणाले.

"तिकडं पाऊस किती झाला, तेवढंच विचारते मी रोज."

त्यानंतर बाई आल्या नाहीत. माझ्यात खुर्च्या आल्या.

मित्रांनो, कुणाला जपायचं असेल तर त्याला काय लागतं ते आधी विचारा. मला पाणी लागत होतं, दुसरं काही नाही. आज आभाळ भरून आलंय आणि मिस्त्री मघापासून खिडकीपाशी उभे आहेत. त्या खांबांखाली वाळू उरली आहे की नाही, कुणालाच ठाऊक नाही. मला सांगता आलं असतं.