गळ्याचा रंग

झेन्झेले गुमेडेने एक पाय कातळावर ठेवला, दुसरा उचलला, तोच खालून आवाज आला.

"गुमेडे, आज बुधवार आहे."

त्याचा पाय तसाच अधांतरी राहिला. गेल्या खेपेलाही त्याने हेच वाक्य ऐकलं होतं, आणि त्याच्या आधीच्या खेपेलाही. या पवित्र टेकडीला बुधवारी कुणी हात लावत नाही. लाकूड तोडायचं नाही, कुदळ उचलायची नाही, वर चढायचं नाही. बाकी सहा दिवस टेकडी मोकळी असते. पण गुमेडे ज्या संग्रहालयात नोकरीला होता, त्याची गाडी ते सहा दिवस मोकळी नसते.

"गोगो, मी काही तोडत नाहीये. फक्त एक सरडा बघायचाय."

"मग खाली बसून बघ. सरड्याला पाय आहेत." म्हातारी मातशुमा, जिला सगळे गोगो म्हणजे आजी म्हणत, चुलीवरचं भांडं ढवळत होती. टेकडीच्या पायथ्याशी तिचं घर होतं, झरा होता आणि नवऱ्याची कबर होती.

गुमेडे उतरला. सरड्यांना पाय आहेत हे सांगायला त्याला कुणाची गरज नव्हती. पायांवरचे खवले तो सोळा वर्षं मोजत आला होता.

अडचण गळ्याची होती. या चपट्या सरड्यांच्या माद्या आणि पिल्लं सगळ्या जातींत एकसारखी दिसतात, काळ्या पाठीवर तीन फिकट रेघा. जात ठरवायची तर प्रौढ नराचा गळा पाहावा लागतो. इथला गळा निळा निघाला तर ती सगळीकडे आढळणारी जात, आणि टेकडी फोडून ग्रॅनाइट न्यायला खाणवाले मोकळे. नारिंगी निघाला तर जात नवी, टेकडी सुरक्षित, आणि शोधनिबंधावर गुमेडेचं नाव. जात ठरेपर्यंत परवाना अडून राहणार होता. तो अकरा वर्षं अडलेला होता.

संग्रहालयात या टेकडीवरचा एक नर होता. पन्नास वर्षं बरणीत राहून त्याचा सगळा रंग स्पिरिटने खाल्ला होता; आता तो फायलीच्या रंगाचा झाला होता. उरले होते गुमेडेच्या आधीचे विभागप्रमुख हडेबे यांचे बावीस अहवाल. प्रत्येकावर सुरेख अक्षरात एकच ओळ होती: 'प्रौढ नर: आढळला नाही.' ते बावीस अहवाल वाचताना गुमेडे हडेबेबद्दल जे बोलला, ते मेलेल्या माणसाबद्दल सहसा कुणी बोलत नाही. त्यात गाडीचा वार बुधवार ठरवला होता तोही हडेबेनेच. वार बदलायला विभागप्रमुखाची सही लागते, आणि ती खुर्ची हडेबे गेल्यापासून रिकामी होती.

"हे प्रकरण या महिन्यात मिटव," संग्रहालयाचे मोठे साहेब म्हणाले होते, "खुर्ची तुझी."

मातशुमाने त्याच्यापुढे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, इसित्श्वालाचा, वाडगा ठेवला, शेजारी आंबवलेलं दूध. मग चार गोळे मोडून तिने घरामागच्या सपाट कातळावर टाकले.

"हे काय?"

"त्यांचं जेवण. तुझं तुझ्यापुढे आहे."

फटीतून आधी माद्या आल्या, पाठीवर तीन रेघा घेऊन. मग पिल्लं. शेवटी एक दांडगा नर आला, हिरव्या पाठीचा, विटकरी शेपटीचा. दुसरा नर दिसताच तो गुमेडेच्या बुटापासून वीतभर अंतरावर पुढच्या पायांवर उंच झाला आणि त्याने गळा ताणून दाखवला.

निळा. इथून बुलावायोपर्यंत प्रत्येक दगडावर असतो तसा, शाळेच्या गणवेशासारखा निळा.

गुमेडेने कॅमेरा डोळ्याला लावला.

"हडेबेही तिथेच बसायचा," मातशुमा म्हणाली. "त्याच दगडावर. पण तुझ्यासारखा कुरकुरत नव्हता."

कॅमेरा खाली आला.

"त्याला हा दिसला होता?"

"हा नाही, याचा बाप असेल. दर खेपेला यायचा. हडेबे त्याला बघायचा, जेवायचा, काहीतरी लिहायचा."

"काय लिहायचा?"

"मला कुठे वाचता येतं? लिहून झालं की दुधाचं बोट चाटायचा आणि म्हणायचा, मातशुमा, माझे लोक मला मूर्ख समजतात." ती हसली. "मी म्हटलं, मग काय झालं?"

सरडा बुटावर चढला, नाडीजवळचा कण उचलून उतरला. झऱ्यावर कुणीतरी बादली भरत होतं. गुमेडेने उरलेला इसित्श्वाला दुधात बुडवून सावकाश संपवला, बोटं धुतली आणि अहवालाचा कागद मांडीवर घेतला.

त्याचं अक्षर हडेबेइतकं सुरेख नव्हतं. 'प्रौढ नर' या शब्दांपुढे पेन बराच वेळ तसंच राहिलं. साहेब काय म्हणतील ते त्याला पाठ होतं. हडेबेबद्दल तो स्वतः तेच म्हणाला होता.

त्याने लिहिलं: 'आढळला नाही.'

खाली 'पुढील भेट' असा रकाना होता. तिथे त्याला विचार करावा लागला नाही.

'बुधवार.'