दहावं नाव

बौद्ध भिक्खूंचा वर्षावास संपला की पौर्णिमेला सो पाइंग आपल्या शाळेतल्या शिक्षिका न्युंत यीबाईंच्या पाया पडायला जायचा. जिल्ह्याचा पोलीसप्रमुख झाला तरी तीस वर्षांत त्यानं एकदाही चुकवलं नव्हतं.

यंदा मात्र फाटकाशीच पाय जड झाले. फेब्रुवारीत लष्करानं ब्रह्मदेश बळकावला, मग संपकऱ्यांची धरपकड सुरू झाली. बाईंची नात थिरी सरकारी दवाखाना सोडून संपावर गेलेली नर्स. दोन महिन्यांपासून ती तुरुंगात होती आणि अटकेच्या कागदावर सही सो पाइंगची होती. तरी निर्लज्जासारखा तो केळ्यांचा घड आणि टॉवेल अशी रिवाजाची भेट घेऊन आलाच. आला नसता तर गावात बभ्रा झाला असता.

बाई चटईवर बसल्या होत्या. त्यानं जमिनीला कपाळ टेकवलं आणि पाठ असलेले शब्द म्हटले: कायेनं, वाचेनं, मनानं, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा.

"नकळत झालेलं सोड," बाई म्हणाल्या. "कळत केलेलं सांग."

"वरून हुकूम येतो, बाई. मी हुकमाचा ताबेदार."

बाई उठल्या, त्याच्यासमोर येऊन गुडघे टेकले आणि हात जोडले. गुरूनं शिष्यापुढे वाकावं! सो पाइंग विंचू चावल्यासारखा मागे सरकला.

"बाई, उठा. हे पाप माझ्या माथी नको."

"पोरीला सोड, मग उठते."

शरमेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि खरं ते तोंडून निघालं. लष्करानं संपकऱ्यांची दहा नावं मागितली होती. नऊच जमली. खुर्ची जाईल या धास्तीनं दहावं त्यानं आपल्याच मनानं लिहिलं. थिरी याच घरात लपलीय हे त्याला ठाऊक होतं, कारण एप्रिलात तो भेटायला आला तेव्हा बाईंनी विश्वासानं तिलाच चहा घेऊन बाहेर बोलावलं होतं.

"म्हणजे तूच तिला आत घातलीस," बाई म्हणाल्या. "मग तूच काढ."

"कागद लष्कराकडे गेला, बाई. घालणं माझ्या हातात होतं. काढणं नाही."

बाई चौकट धरून उठल्या आणि पुन्हा चटईवर जाऊन बसल्या. आता हाकलतील, असं त्याला वाटलं. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

"दीर्घायुषी हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे आठवायला तुला पुष्कळ वर्षं मिळोत."