मनकर्णाबाईंचा विंचू

विशाखा हिवराळेच्या अंगावर सहा टॅटू होते आणि त्यातला प्रत्येक तिने लग्नाच्या स्थळापेक्षा जास्त पारखून घेतला होता. स्थळं दोन आली, दोन्ही फिसकटली. टॅटू एकही फसला नाही. पुंडलिकनगरातल्या एका लॅबमध्ये ती तपासणीसाठी रक्त काढायची. म्हणजे दिवसभर लोकांना सुया टोचायच्या आणि वर्षातून एकदा स्वतः टोचून घ्यायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण विशाखाच्या हौसेला वेळापत्रक होतं. आधी चित्र छापून आरशाशेजारी चिकटवायचं. नव्वद दिवसांत एकदा जरी त्याचा कंटाळा आला तरी ते केराच्या टोपलीत. टॅटू काढायचा तो फक्त थंडीत, कारण उन्हाळ्यात घाम आणि पावसाळ्यात ओल. काढल्यावर तीन आठवडे कोमट पाणी, बिनवासाचा साबण, मलम अगदी पुसटसं, ऊन नाही, खाजवणं नाही आणि खपलीला हात लावणं तर मुळीच नाही.

"एवढी काळजी दहावीत घेतली असती तर आज डॉक्टर असतीस," असं तिचे वडील राजेंद्र दर हिवाळ्यात म्हणत. ते म्हणून झालं की हिवाळा सुरू झाला असं घरात धरलं जाई.

या विषयावर कधीच काही न बोलणारं माणूस त्या घरात एकच होतं. विशाखाची आत्या, मनकर्णाबाई. नवरा गेल्यावर दीड वर्षापूर्वी त्या धाकट्या भावाकडे राहायला आल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, अंगात साखर भरपूर, आणि भर मे महिन्यातही मनगटापर्यंत बाह्या असलेलं पोलकं. लोकांना ती त्यांची शिस्त वाटायची. विशाखालाही तसंच वाटायचं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विशाखा आत्याला घेऊन वेरूळला गेली. तिथे मनकर्णाबाईंची थोरली बहीण पारूबाई राहत होती, मुलाकडे. दोन वर्षांपासून पारूबाईंची आठवण निसटत चालली होती. आधी भाजीत मीठ पडलं की नाही ते गेलं, मग वार गेले, मग माणसं. सून करुणा दिवसभर त्यांच्या मागे असायची. ओसरीवर बसलेल्या पारूबाईंनी बहिणीच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कोण गं बाई तुम्ही?"

"अक्का, मी मनी."

"मनी? हात दाखव."

मनकर्णाबाईंनी डावा हात पुढे केला आणि बाही वर सरकवायच्या आत मागे घेतला. पारूबाईंनी स्वतःचा हात उलटा करून पुढे धरला. त्यावर पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वीचा हिरवानिळा विंचू होता, कडा पसरलेला, तरी नांगी ओळखू येईल असा.

"मनीच्या हातावर माझ्यावाणीच विंचू हाय. तू मनी नव्हंस," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या. परतीच्या रस्त्यावर मनकर्णाबाई डावी बाही पुन्हा पुन्हा खाली ओढत होत्या. विशाखाने कारण विचारलं नाही. दुसऱ्याच्या दुखण्यात नाक खुपसायची तिला सवय नव्हती. लॅबमध्ये ती सवय राहतच नाही.

दोन दिवसांनी आत्या तिच्या खोलीत आल्या, दार लावलं, पलंगावर बसल्या आणि डावी बाही कोपरापर्यंत दुमडली. मनगटाच्या चार बोटं वर तळहाताएवढा डाग होता. चकचकीत, सुरकुतलेला, मध्येच गाठी आलेला. विशाखाने आयुष्यात पुष्कळ कातडी पाहिली होती. हे साधं चुलीवरचं भाजणं नव्हे, हे तिला लगेच कळलं.

"याच्यावर विंचू काढून मिळंल का?" आत्यांनी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. दोघी बहिणी लहान असताना आठवडी बाजारात गोंदणारीण आली होती. आईने दोघींना एकाच दिवशी, एकाच जागी, एकच विंचू गोंदून घेतला. सोनं-नाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं, वर गेल्यावर मी तुम्हाला यानंच ओळखीन, असं आईचं म्हणणं. पुढे काही वर्षांनी गावाने धम्म घेतला. सभेत एक कार्यकर्ता तळमळून बोलला, जुन्या गुलामीच्या खुणा टाकून द्या. तेरा वर्षांची मनकर्णा घरी आली, तिने अंगावर खुणा कुठे आहेत ते पाहिलं आणि परसात बसून बिब्बा तापवून त्याचं तेल विंचवावर ओतलं.

"कुणी सांगितलं होतं असं करायला?" विशाखा म्हणाली.

"कुणीच नाय. धम्माचं काय चुकलं नाय, पोरी. ते डोक्यातलं टाका म्हणत व्हते. मी हातावरलं टाकलं." त्यांनी डागावरून बोट फिरवलं. "सभेतल्या बायांनी वाहवा केली. मला लई भारी वाटलं. पुढं अक्काच्या हाताकडं बघितलं की लाज वाटायची. मग बाह्या लांब केल्या."

"आणि आता विंचू कशाला?"

"अक्का हात बघती. हातावर विंचू दिसला तर एकदा तरी मने म्हणंल. मला दुसरं काय नको. तिनं जाण्याआधी एकदा मने म्हणावं."

विशाखाला आत्याची फार दया आली, आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात यादीही सुरू झाली. भाजलेली कातडी. चौऱ्याहत्तर वर्षं. साखर. तिने दुसऱ्याच दिवशी आत्याचं रक्त काढलं. तीन महिन्यांची सरासरी नऊच्या वर निघाली. अशा हातावर सुई चालवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

गुलमंडीत साड्यांच्या एका दुकानाच्या वर प्रणयचा स्टुडिओ होता. विशाखाचे सहाही टॅटू त्याच्याच हातचे. त्याने भिंगातून डाग पाहिला, दोन बोटांनी कातडी ताणून पाहिली आणि मान हलवली.

"ताई, तुम्हाला तर माहितीय. अशा जागेत शाई कुठं पसरते, कुठं बसतच नाही. डागाच्या बाजूला काढू का? तिथली कातडी चांगली आहे."

"विंचू व्हता तिथंच पाहिजे," मनकर्णाबाई म्हणाल्या. "सरकलेला विंचू अक्का मानायची नाय."

शेवटी ठरलं ते असं: आधी डागावर तीन ठिपके टोचून महिनाभर वाट पाहायची. ठिपके टिकले आणि साखर सातच्या आसपास आली, डॉक्टरांनीही हो म्हटलं, तरच विंचू. तोवर पारूबाईंच्या हाताच्या फोटोवरून चित्र करायचं. विशाखाने ते छापून आरशाशेजारी चिकटवलं. आत्या ते रोज पाहत आणि रोज चूक काढत. पाय बारीक झालेत. नांगी डावीकडं व्हती. प्रणयने चार वेळा चित्र बदललं.

पण खरी पंचाईत वेळेची होती. मनकर्णाबाईंनी चहातली साखर सोडली, भात सोडला, संध्याकाळी गच्चीत येरझाऱ्या सुरू केल्या. आणि तिकडे वेरूळहून करुणाचा फोन यायचा. आज दोनच घास खाल्ले. आज मला आई म्हणाल्या. आज दिवसभर हात चोळत बसल्या.

"तुझे तीन महिने भरूस्तवर अक्का ऱ्हाईल का?" आत्यांनी डिसेंबरात विचारलं.

विशाखाला पहिल्यांदाच स्वतःच्या नियमांची भीती वाटली. हे नियम आजवर तिच्या एकटीच्या कातडीसाठी होते. चुकले असते तर तिचंच चुकलं असतं. इथे घाई केली तर हात जाणार आणि उशीर केला तर बहीण. तिने नियम मोडले नाहीत. बरोबर केलं की नाही, हे मात्र तिला झोपतानाही सांगता येत नव्हतं.

तीनपैकी दोन ठिपके टिकले. जानेवारीअखेर साखर सात पॉइंट दोन आली, डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून होकार दिला, आणि एका रविवारी सकाळी मनकर्णाबाई गुलमंडीतला तो उभा जिना तीनदा दम खात चढल्या. संमतीच्या कागदावर अंगठा चालेल, असं प्रणय सौजन्याने म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने निमूट पेन दिलं. पूर्ण नाव लिहून त्यांनी सही केली आणि तारीखही घातली.

दीड तास यंत्र चाललं. प्रणय दर पाच मिनिटांनी थांबायचा, पुसायचा, कातडीचा रंग पाहायचा.

"दुखतंय का आजी?"

"दुखू दे. तू काढ." मग थोड्या वेळाने, "गोंदणारीण गाणी म्हणायची. तुझं मशीन नुसतं भुणभुणतंय."

प्रणयला गाणं येत नव्हतं. त्याने मोबाइलवर काहीतरी लावलं. आत्या म्हणाल्या, भुणभुण बरी होती.

बरं होण्याचा काळ विशाखाने आपल्या हातात घेतला. फ्रिजवर कागद चिकटवला: कधी धुवायचं, कधी मलम, काय करायचं नाही. तिसऱ्या दिवशी ती लॅबमधून घरी आली तर विंचू पिवळाधमक.

"हे काय केलंस आत्या?"

"गोंदलं की हळद लावायची असती. आईनं लावली व्हती."

"अगं, ही उघडी जखम आहे! हळद भाजीत घाल, हातावर नको!"

"सत्तर वर्सांमागं कुठं व्हतं तुझं मलम? अक्काचा विंचू अजून जागच्या जागी हाय का नाय?"

विशाखाने चरफडत कोमट पाण्याने हळद धुतली, आणि त्या दिवसापासून हळदीचा डबा वरच्या फळीवर गेला. भाजी फिकी होऊ लागली तेव्हा राजेंद्र कुरकुरले, पण त्या घरात त्यांचं पालथ्या घड्यावर पाणी. दहाव्या दिवशी खपल्या सुटू लागल्या. आत्या रात्री हात खाजवतील म्हणून विशाखा त्यांच्या खोलीत झोपायला गेली. महिन्याने हात पूर्ण बरा झाला तेव्हा विंचवाचे आठांपैकी दोन पाय गळून गेले होते, मधल्या गाठींवर शाई फिकी पडली होती, पण नांगी डावीकडे आणि विंचू जागच्या जागी होता. प्रणय म्हणाला, अजून एक हात मारून देतो. आत्या म्हणाल्या, आता थांबायला वेळ नाय.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोघी वेरूळला गेल्या. पारूबाई खाटेवर होत्या, भिंतीला टेकवून बसवलेल्या. पाच महिन्यांत अर्ध्या झाल्या होत्या. मनकर्णाबाईंनी त्या दिवशी आखूड बाह्यांचं पोलकं घातलं होतं, मुद्दाम शिवून घेतलेलं. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि न मागताच हात पुढे केला.

"अक्का, बघ. विंचू."

पारूबाईंनी पाहिलं. वाकून, अगदी जवळून पाहिलं. मग पारूबाईंनी आपला हात शेजारी धरला, दोन्ही विंचवांवरून नजर फिरवली आणि ओठ वाकडे केले.

"हा नवा हाय," त्या म्हणाल्या. "माझा बघ कसा झालाय. हा काल-परवा काढलाय कुणीतरी. फसवायलीस व्हय मला?"

मनकर्णाबाईंचं तोंड उतरलं. तीन महिने साखर सोडली, तो उभा जिना, दीड तास सुया, सगळं एका वाक्यात गेलं. विशाखाला प्रणयचा राग आला, शाईचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. एवढं नेटकं सगळं पार पाडलं आणि टॅटू नवा दिसतो ही साधी गोष्ट तिच्या यादीत नव्हती.

मनकर्णाबाई हात मागे घेऊ लागल्या. पण पारूबाईंनी मनगट धरून ठेवलं होतं. सोडायचं विसरल्या असतील. त्यांचा अंगठा आपल्या सवयीने त्या विंचवावरून फिरू लागला, जसा तो दिवसभर स्वतःच्या विंचवावरून फिरायचा. एका गाठीवर तो थांबला. परत मागे आला, चुरगळलेल्या कातडीवरून सावकाश पुढे गेला, आणि पारूबाईंचा चेहरा एकदम घाबरा झाला.

"करुणा!" त्या ओरडल्या. गेल्या कित्येक महिन्यांत एवढा मोठा आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता. "खोबरं आण! पळ! मनीनं बिब्बा लावलाय!"

करुणा गोंधळून विशाखाकडे पाहत राहिली. मनकर्णाबाईच म्हणाल्या, "आण बाई, आण." बिब्ब्याच्या जळण्यावर खोबरं हाच उतारा, आणि त्या दिवशी परसात तो कुणी केला होता हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

करुणाने सुक्या खोबऱ्याचा तुकडा आणला. पारूबाईंनी तो उरलेल्या चार दातांनी बराच वेळ चावला, हातावर काढला आणि तो चोथा विंचवावर थापून चोळू लागल्या. तोंडातला, उष्टा, लाळेने ओला. लॅबमधल्या बाईच्या अंगावर काटा यायला हवा होता. विशाखा दाराला टेकून बघत उभी राहिली.

मनकर्णाबाई रडत होत्या, लहान मुलीसारख्या नाक ओढत.

"लई आग व्हायली का, मने?" पारूबाईंनी विचारलं. मग दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. "गप. रडू नको. मी आईला सांगत नाय."